कॉर्सेटच्या जुन्या जाहिरातीतून सुयांची वही

सुया ठेवायची कापडी वही तुम्ही पाहिली असेल. दोन पुठ्ठ्यांवर कापड मढवलेलं, आत लोकरीच्या कापडाची दोन-तीन पानं, आणि त्या पानांत टोचलेल्या सुया. या लेखात तीच वही करायची आहे. मुखपृष्ठावर मात्र १८८०-९०च्या काळातली कॉर्सेटची जाहिरात येईल, आणि दोन्ही कव्हरं कॉर्सेटच्या पाठीसारखी नाडीनं एकमेकांना बांधलेली असतील. कॉर्सेट म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या बायका वरच्या कपड्यांच्या आत घालत तो, छातीपासून कमरेखालपर्यंत अंग आवळून धरणारा ताठ कपडा. मशीन नसलं तरी अडत नाही. धावदोरा, टीप आणि काजाचा टाका येत असेल तर दोन शनिवार-रविवारांत वही हातात येते.

सुरुवातीलाच माझा एक आग्रह सांगते. अशा जाहिराती छापून पिशवीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर लावलेल्या पुष्कळ दिसतात. छान दिसतात, पण त्यात चित्र फक्त चिकटवलेलं असतं. त्या काळी मासिकातलं चित्र लाकडी ठोकळ्यावर एकेक रेघ कोरून तयार करत. कोरणाऱ्यानं कॉर्सेटची प्रत्येक शिवण, दोरी भरलेली प्रत्येक नळी, नाडीचं प्रत्येक छिद्र रेघेत उतरवलेलं असतं, कारण गिऱ्हाइकाला माल दाखवायचा होता. तेव्हा जाहिरात आधी शिवणाऱ्याच्या नजरेनं वाचा. तिच्यात जे शिवण दिसतं तेच आपण वहीत करायचं: दोरीच्या नळ्या, नळ्यांच्या टोकांवरचं भरतकाम आणि हातानं काजलेली छिद्रं.

जाहिरात निवडताना

नवख्यांनी काळ्या रेघांची जाहिरातच घ्यावी. रंगीत हवी असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. दुकानदार गिऱ्हाइकांना वाटत ती रंगीत शिळाछापाची कार्डं मोहात पाडतात हे खरं, पण त्यातले रंग बारीक ठिपक्यांचे असतात आणि कापडावर मळकट उतरतात. १८९० नंतर छायाचित्रांच्या जाहिराती वाढल्या, त्यांच्यातही ठिपकेच. कोरीव रेघ मात्र कापडावर स्वच्छ बसते आणि तिच्यावरून सुई चालवता येते.

माझी आवडती जाहिरात वॉर्नर बंधूंच्या ‘कोरलाइन’ कॉर्सेटची. ल्युसियन आणि डी व्हर वॉर्नर हे दोघे भाऊ पेशानं डॉक्टर. १८७४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावी कॉर्सेटचा धंदा सुरू केला आणि दोन वर्षांत तो कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला हलवला. तोवर कॉर्सेट ताठ ठेवायला देवमाशाच्या तोंडातल्या चिवट पट्ट्या वापरत. त्या महाग होत चालल्या होत्या आणि मोडतही. वॉर्नरांनी मेक्सिकोतल्या घायपातीच्या जातीच्या झाडाचा वाख घेतला, त्याच्या ताठ दोऱ्या केल्या आणि त्यांना कोरलाइन नाव दिलं. या जाहिराती मोठ्या करून पाहिल्यावर छातीच्या भागात जवळजवळ घातलेल्या समांतर रेघा दिसतात. मी त्यांना आधी छायेच्या रेघा समजले होते. भिंग लावल्यावर कळलं की प्रत्येक जोडरेघेच्या मधला भाग उजळ ठेवलाय, म्हणजे तिथे कापड उचललेलं आहे आणि आत दोरी आहे. त्या दिवसापासून मी जाहिरातीतली एकही रेघ नुसती शोभेची धरत नाही.

याच कारखान्यातल्या कामकरी मुलींसाठी वॉर्नरांनी ब्रिजपोर्टमध्ये ‘सीसाइड इन्स्टिट्यूट’ नावाची इमारत बांधली. १८८७ मध्ये तिच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या पत्नी फ्रान्सिस आल्या होत्या. जाहिरातीत दिसते ती बाई कॉर्सेट घालणारी. ज्यांनी ते शिवलं त्या जाहिरातीत कुठेच नसतात, आणि मला वही करताना त्या जास्त आठवतात.

इंग्लंडमधली निवडायची असेल तर लेस्टरशरमधल्या मार्केट हार्बरो गावच्या सिमिंग्टन कंपनीच्या जाहिराती पाहा. त्यांचं ‘प्रिटी हाउसमेड’ नावाचं कॉर्सेट १८९०च्या आसपासचं, घरकाम करणाऱ्या मुलींसाठी काढलेलं. त्यात महागड्या पट्ट्यांऐवजी बहुतेक काम दोरीच्या नळ्यांवर भागवलं होतं, म्हणून ते स्वस्त आणि दणकट. आपली वही याच पद्धतीनं करायची आहे.

मजकूरही नीट वाचून घ्या. ‘डॉ. स्कॉट्स इलेक्ट्रिक कॉर्सेट’च्या जाहिराती १८८०च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जोरात होत्या. त्या कॉर्सेटमध्ये वीज नव्हतीच. लोहचुंबक केलेल्या पोलादी पट्ट्या होत्या, आणि जाहिरातीत नाना दुखणी बरी करण्याचे दावे. चित्र म्हणून ती जाहिरात फार देखणी आहे. वापरायची तर खुशाल वापरा, पण भेट देताना ते दावे खोटे होते हे सोबतच्या चिठ्ठीत लिहा. आणखी एक जपा. त्या काळच्या जाहिरात-कार्डांवर काळ्या किंवा चिनी माणसांची अपमानास्पद चित्रं बरीच असतात. रेघ कितीही सुंदर असली तरी ती मी वापरत नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ अमेरिकेत होत्या, ती हीच वर्षं. त्यांच्या आसपासच्या घरांत येणाऱ्या मासिकांत याच जाहिराती छापलेल्या असणार. मराठी माणसाला हा काळ वाटतो तितका परका नाही.

कुठून घ्यायची, वापरायला हरकत आहे का

अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, बॉस्टन पब्लिक लायब्ररी, स्मिथसोनियन, लंडनचं वेलकम कलेक्शन यांनी जुनी मासिकं आणि जाहिराती मोठ्या आकारात स्कॅन करून इंटरनेटवर खुल्या ठेवल्या आहेत. चित्राखाली हक्कांविषयी एक ओळ असते. तिथे ‘पब्लिक डोमेन’ किंवा ‘सीसी झीरो’, म्हणजे कुणालाही वापरायला खुलं, असं लिहिलं आहे का ते बघा. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर ९५ वर्षांनी जुन्या छापील साहित्याचा हक्क संपतो. आपल्याकडे १९५७च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, आणि चित्रकाराचं नावच नसेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षांनी. १८८०च्या निनावी जाहिरातीला या दोन्ही देशांत अडचण येत नाही. विकायला वह्या करणार असाल तर कंपनीचं नाव स्वतःच्या मालाचं नाव म्हणून मात्र लावू नका. व्यापारचिन्हाचा हक्क वेगळा असतो आणि तो वर्षं मोजून संपत नाही.

मूळ छापील कागद कधी हाती आला तर तो कापू नका आणि शिवू तर मुळीच नका. त्या काळचा मासिकाचा कागद आम्लयुक्त आणि ठिसूळ असतो, सुईच्या छिद्रांच्या ओळीवर तुटतो. स्कॅन करा आणि मूळ कागद जपून ठेवा.

चित्र तयार करणं

आपलं चित्र कापडावर साधारण ८ सेंमी रुंद आणि १२-१३ सेंमी उंच असेल. त्या आकाराला निदान ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), रेघा बारीक असतील तर ६०० मिळेल अशी फाइल उतरवून घ्या. फोटो दुरुस्त करायच्या कुठल्याही ॲपमध्ये चित्र आधी कृष्णधवल करा, मग ‘लेव्हल्स’ किंवा ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवून मागचा पिवळटपणा पूर्ण पांढरा होऊ द्या. पिवळटपणा ठेवला तर प्रिंटर तो रंगीत शाईनं छापतो आणि सगळं चित्र धुरकट दिसतं. जुनेपणाचा रंग आपल्याला कापडातून मिळणार आहे.

एका ए-४ पानावर एकच चित्र दोनदा ठेवा, दोहोंत चार बोटं अंतर सोडून. एक कामाचं, एक चाचणीचं. आपण थेट कापडावर छापणार आहोत, त्यामुळे चित्र उलटं करायचं नाही. उलटं करायचं ते इस्त्रीनं उतरवायच्या ट्रान्सफर कागदासाठी.

कापड

मांजरपाट आणि शंभर टक्के सुती पॉपलिन, दोन्ही अर्धा-अर्धा मीटर पुरेत. मांजरपाटाचा मूळचा मलईसारखा रंग या कामाला फार शोभतो, पण त्याची वीण जाड असल्यामुळे बारीक रेघा तुटक येतात. म्हणून छपाई पॉपलिनवर करायची. पांढरं नको, ‘ऑफ-व्हाइट’ मागा. मांजरपाट मागच्या कव्हराला आणि अस्तराला. चहाच्या पाण्यात कापड बुडवून जुनं दाखवायची पद्धत आहे. मी ती सोडली, कारण चहातली आम्लं काही वर्षांत सूत कमजोर करतात.

पॉपलिन खरंच सुती आहे का याची शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटानं चुरडता येणारी राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

दोन्ही कापडं आणि नळ्यांत भरायची दोरी गरम साबणाच्या पाण्यात धुऊन घ्या. कोऱ्या मांजरपाटात खळ भरपूर असते, पाणी दुधाळ होतं. ते नितळ येईपर्यंत खंगाळा. ही पायरी गाळली तर वही झाल्यावर कापड आटतं आणि कव्हर वाकतं.

कापडावर छपाई

यासाठी इंकजेट प्रिंटर लागतो. लेझर प्रिंटरमध्ये कापड घालू नका. आतल्या उष्णतेनं कापडामागे लावलेल्या कागदाचा मेणचट थर वितळून प्रिंटर बिघडू शकतो. प्रिंटरच्या पुस्तिकेत किंवा शाईच्या बाटलीवर काळी शाई ‘पिगमेंट’ आहे की ‘डाय’ ते लिहिलेलं असतं. पिगमेंटचे कण पाण्यात विरघळत नाहीत, धाग्यांवर बसून राहतात. डाय शाई पाणी लागताच पसरते. माझी पहिली वही अशीच गेली. छपाई सुरेख आली होती, भरतकाम पूर्ण झालं होतं, आणि भरतकामाच्या रिंगचा डाग काढायला ओला बोळा फिरवला तर बाईचा चेहरा निळसर डागात बुडाला. तुमच्याकडे डाय शाईच असेल तर छापा, पण त्या कापडाला पुढे कधीच पाणी लावायचं नाही हे धरून चाला.

पॉपलिनचा ए-४पेक्षा थोडा मोठा तुकडा घ्या. एका बाजूला मेणचट थर असलेला ‘फ्रीझर पेपर’ ऑनलाइन मिळतो. त्याची चकचकीत बाजू कापडाच्या उलट्या बाजूला लावून कोरड्या इस्त्रीनं चिकटवा. वाफ नको. तो नसेल तर ए-४ आकाराचा अखंड स्टिकर पेपर चालतो. मग कापड आणि कागद एकत्र, नेमक्या २१ बाय २९.७ सेंमीला कापा. कडेला लोंबणारा एकेक धागा कात्रीनं काढा, कारण तो प्रिंटरच्या तोंडाशी अडकला की रेघ ओढली जाते. जी कड आधी आत जाणार तिला कागदी टेप दुमडून लावा. छापताना कागदाचा प्रकार ‘प्लेन’ आणि रंग ‘ग्रेस्केल’ निवडा. ‘फोटो पेपर’ निवडला तर काही प्रिंटर पिगमेंट काळी शाई बाजूला ठेवून रंगीत शाया मिसळून काळा करतात.

छापलेलं कापड एक दिवस तसंच सपाट राहू द्या. मग कागद सोलून काढा, वर दुसरं कापड ठेवून कोरडी इस्त्री फिरवा. शाई पिगमेंट असेल तर थंड पाण्यातून एकदा काढून सावलीत सपाट वाळवा. हे सगळं आधी चाचणीच्या चित्रावर करा.

प्रिंटर नसेल तर कागदावर प्रत काढा, सकाळच्या उजेडात खिडकीच्या काचेला लावा, वर पॉपलिन धरून पेन्सिलीनं रेघा उतरवा. सगळी रेघ मग दोऱ्यानंच काढावी लागते. वेळ तिप्पट जातो, पण मला व्यक्तिशः हीच वही जास्त आवडते.

चित्रावर सुई

कापड अजून कापू नका. अख्खा तुकडा लहान रिंगमध्ये घट्ट बसवा. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातला एकच पदर वापरा. काळ्या रेघेवर काळा दोरा दिसत नाही म्हणून मी विटकरी किंवा मोहरी रंग घेते.

चेहरा, केस, हात सोडून द्या; तिथे कोरणाऱ्याच्या रेघेपुढे आपला टाका जाड पडतो. फक्त कॉर्सेट शिवायचं. शिवणींच्या रेघांवर बारीक टीप, कडेनं देठ टाका, कॉर्सेट पुढून बंद करायच्या खुंट्यांवर गाठीचा एकेक टाका. दोरीच्या नळ्यांच्या दोन रेघांमध्ये काहीच भरू नका. दोन्ही बाजूंनी टीप घातली की मधलं कापड आपोआप किंचित उचलतं. अक्षरांपैकी फक्त कंपनीचं नाव किंवा एखादा शब्द शिवा, बाकी छापील राहू द्या.

मागचं कव्हर: दोरीच्या नळ्या

मांजरपाटाचे दोन तुकडे, २० बाय १८ सेंमी. तयार कव्हर १२ सेंमीचं असताना २० कशाला, असं वाटेल. प्रत्येक दोरी कापड आत ओढून घेते. मी पहिल्यांदा १४ सेंमी घेतलं होतं आणि नवव्या नळीला कव्हर जेमतेम १० सेंमी उरलं.

दोन तुकडे एकावर एक ठेवून कडांना कच्चा दोरा घाला. एका कडेला ४ सेंमी मोकळी पट्टी सोडा, ती नाडीची बाजू. तिथे उभी रेघ मारून टीप घाला. आता दोन थरांच्या मधून ३ मिमी जाडीची सुती दोरी त्या टिपेला खेटून सरकवा आणि अंगठ्याच्या नखानं दाबून धरा. दोरीच्या पलीकडून, तिला अगदी लगटून, दुसरी टीप. हीच जागा महत्त्वाची. टीप दोरीपासून लांब गेली तर नळी पोकळ राहते आणि दोरी आत फिरते. टीप दोरीतच घुसली तर पुढे कव्हर सुरकुततं. बोटाला नळी पेन्सिलीसारखी कडक लागली की जमली. अशा नळ्या एकामागून एक घालत जा. शेवटची झाली की इस्त्री न करता तुकडा १४ बाय १८ सेंमीला कापा, नाडीच्या बाजूनं नाही, दुसऱ्या बाजूनं.

नळ्यांच्या वरच्या आणि खालच्या टोकांशी, तयार कडेपासून सेंटिमीटरभर आत, तीन-चार टाक्यांचा पंखा काढा. कॉर्सेटमधला हा टाका शोभेपेक्षा कामाचा होता; ताठ पट्टी सरकून कापड फाडू नये म्हणून तो घालत. काळ्या कॉर्सेटवर पिवळा किंवा लाल रेशमी दोरा असे. इथे पुढच्या कव्हरावर वापरलेलाच रंग घ्या.

जोडणी

छापलेलं पॉपलिनही १४ बाय १८ सेंमीला कापा, चित्र नाडीच्या बाजूपासून दूर राहील असं. त्याच्या उलट्या बाजूला मांजरपाट टाचून घ्या, नाहीतर पुठ्ठा आतून दिसतो. दोन्ही कव्हरांच्या नाडीच्या बाजूला आतून २ सेंमी रुंद बकरमची, म्हणजे ताठ कापडाची, पट्टी घाला. अस्तर सुलटं सुलट्यावर ठेवून तीन बाजू सेंटिमीटरभर आत शिवा; नाडीच्या समोरची बाजू उघडी ठेवा. कोपरे कापून उलटवा. उघड्या बाजूनं साडेनऊ बाय साडेपंधरा सेंमीचा पुठ्ठा आत सरकवा, बकरमपाशी थांबवा, आणि पुठ्ठ्याच्या कडेला लागून एक टीप घाला म्हणजे तो हलणार नाही. उघडी बाजू आत दुमडून बारीक हेम करा.

नाडीच्या पट्टीवर कडेपासून एक सेंमी आत सात खुणा करा. पहिली आणि शेवटची टोकांपासून २ सेंमीवर, बाकी २-२ सेंमी अंतरानं. छिद्र कात्रीनं कापू नका. टोच्यानं धागे बाजूला सारून भोक मोठं करा आणि दुहेरी दोऱ्यानं गोलाकार काजाचा टाका घाला. धागे न तुटल्यामुळे ओढ बसली तरी भोक फाटत नाही. छिद्राभोवती बसवायची धातूची कडी, म्हणजे आयलेट, ठोकणं सोपं असतं खरं; पण आपल्या पावसाळ्यात ते गंजतात आणि तांबूस कडं कापडावर कायमचं राहतं. गंज ही कॉर्सेटचीही जुनी डोकेदुखी होती. १८९०च्या दशकापासून वॉर्नरांनी ‘रस्ट-प्रूफ’ हा शब्दच जाहिरातीच्या मथळ्यात आणला.

आतल्या पानांसाठी जुन्या लोकरी शालीचे किंवा ब्लँकेटचे ९ बाय १३ सेंमीचे तीन तुकडे एकावर एक ठेवून मागच्या कव्हराच्या अस्तराला, पुठ्ठ्याच्या टिपेवरच शिवा. पहिलं पान लावण्याआधी अस्तरावर पक्क्या शाईनं जाहिरातीचं साल, मासिकाचं नाव आणि ती ज्या संग्रहातून घेतली त्याचं नाव लिहून ठेवा.

नाडी मीटरभर लांब, चपटी सुती. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवून मध्ये अर्धा सेंमी फट सोडा. वरच्या दोन छिद्रांतून आतून बाहेर नाडी काढा, तिरकी फुली घालत खाली या, खालच्या छिद्रांशी साधी सुरगाठ मारा. पक्की गाठ नको. पुढे सुया वाढतात, पानं फुगतात, तेव्हा गाठ सोडून फट थोडी मोठी करावी लागते.